सर्टिफिकेटसकट जावई

माझं लग्न ठरलं ते नाना वारले म्हणून. नाना आमच्या नात्यातले कोणी नव्हते. तासगावात एस.टी. स्टँडच्या रस्त्याला आमचं औषधांचं दुकान होतं आणि त्या दुकानात नाना नावाचे म्हातारे कंपाउंडर दिवसभर खुर्चीत बसून असायचे. ज्यांनी पूर्वी दवाखान्यांत पुष्कळ वर्षं काढली होती, त्यांची नावं सरकारनं अनुभवावर फार्मासिस्ट म्हणून नोंदवून घेतली होती. नाना त्यांतले एक. कायदा असा होता की, नोंदणी असलेला माणूस दुकानात हजर असल्याशिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. दुकानाचं लायसन माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर होतं. पण आप्पा सातवीच्या पुढं गेले नव्हते, त्यामुळे हजर राहायला नाना लागायचे. शेवटी शेवटी नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना बाटलीवरचं अक्षर दिसत नव्हतं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. पण ते हजर होते. एका सकाळी ते आले नाहीत आणि दुपारी निरोप आला की गेले. आई स्वयंपाकघरात रडली. आप्पांनी तोंडातलं पान मोरीत थुंकलं आणि म्हणाले, "आता सर्टिफिकेट कुणाचं आणायचं?"

आप्पांविषयी मी या पुस्तकात पुष्कळ गोड लिहिलं आहे, असं माझ्या भाचीचं म्हणणं आहे. तिनं हे प्रकरण अजून वाचलेलं नाही.

दुकान पुढं आणि घर मागं, मधे एक मळका हिरवा पडदा, अशी आमची राहणी. सकाळी दुकानाच्या फळ्या निघायच्या त्यांचा खडखडाट, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा फुक्‌फुक्‌ आवाज आणि आमच्या मोरीत बाटल्या धुतल्याची किणकिण, या तीन आवाजांवर आमचा दिवस उजाडायचा. तेव्हा तयार गोळ्यांइतकंच पातळ औषधही खपायचं. गिऱ्हाईक घरून रिकामी बाटली आणायचं. नाही आणली तर आमच्याकडची जुनी बाटली द्यायची. त्या जुन्या बाटल्या आई बंबातल्या कढत पाण्यानं धुवायची आणि मी कागदाच्या पट्ट्यांना कात्रीनं खाचा पाडायची. एक खाच म्हणजे एक डोस. ती पट्टी खळीनं बाटलीला चिकटवायची. खळ चुलीवर, भाजीच्या शेजारीच शिजायची, त्यामुळे आमच्या घराला स्पिरिट, फोडणी आणि खळ यांचा मिळून एक वास होता, जो मला आजही कुठल्या तरी जुन्या दवाखान्यात अचानक येतो आणि माझी भूक मरते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांगं हे रोजचं. आप्पांच्या ताटात वर दही. लोक आप्पांना "डाक्टर" म्हणायचे आणि ते ऐकून आप्पा मान हलवायचे. खोकला म्हटलं की तांबडं, पोट म्हटलं की गुलाबी, अशक्तपणा म्हटलं की टॉनिक. एवढं त्यांचं वैद्यक. ते आप्पा कुणापाशी शिकले नव्हते. औषध कंपन्यांचे एजंट चहा पीत जे बोलायचे त्यातलं लक्षात राहील ते.

नाना गेले त्या वर्षी मी रोज एस.टी.नं सांगलीला जाऊन कॉलेजचं सायन्सचं पहिलं वर्ष पास झाले होते. कराडला फार्मसीचं कॉलेज होतं. दोन वर्षांचा डिप्लोमा आणि वर दवाखान्यात काम शिकणं; मग नाव नोंदवलं की आपण फार्मासिस्ट. मी आप्पांना म्हटलं, "मीच जाते की कराडला. दोन वर्षांत घरचंच माणूस होईल."

आप्पा हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "पोरीच्या जातीला दुकानात बसवून गावाला तोंड कसं दावायचं?" ते म्हणाले. "आनि दोन वरसं दुकान कोन तुजा आजा चालवील?"

मग ते जे शिक्षण मला घेऊ देत नव्हते, तेच शिक्षण घेतलेला जावई शोधायला निघाले. ह्या शोधाइतकी हास्यास्पद गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. इतरांच्या मुलींसाठी बाप जमीन किती, भाऊ किती, मुलगा मिलिटरीत आहे का, असं विचारायचे. आप्पा पहिला प्रश्न विचारायचे, "रजिस्ट्रेशन झालंय का?" पत्रिका नंतर. एका मुलाचं मुंबईच्या फार्मसी कौन्सिलात नाव अजून लागायचं होतं, तर त्याला पोहे खाऊ घालून परत पाठवलं. दुसरा जवळजवळ ठरला होता, तो विट्याच्या एका गलाईवाल्यानं पळवला. हा गृहस्थ मद्रासला सोनं गाळायचा धंदा करायचा. गावाकडं मेव्हण्याला मेडिकल काढून द्यायचं त्याच्या मनात आलं आणि त्यानं आपली मुलगी त्या मुलाला देऊन टाकली. आप्पा आठवडाभर त्याला शिव्या देत होते. बाजारात चांगला बैल दुसऱ्यानं नेला की शेतकरी देतो तशा.

शेवटी सापडला तो वसंत. कोरेगाव तालुक्यातला, चार भावांतला तिसरा, कराडला कसाबसा पास होऊन नोंदणी झालेला. तेव्हा मी त्याला नावानं हाक मारत नव्हते, "आवं" म्हणत होते. आता मारते, कारण त्या सन्मानाला तो लायक नव्हता. बघायला आले तेव्हा त्याच्या भावानं कंदी पेढ्यांचा पुडा आणला होता. आप्पांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "सर्टिफिकेट संगट आणलंय न्हवं?" भावानं पिशवीतून ते काढलं, टॉवेलात गुंडाळलेलं. ते आमच्या ओसरीत सगळ्यांच्या हातांतून फिरलं. मला बघायला आले होते, पण बघितलं गेलं ते सर्टिफिकेट. वसंतनं मला एकच विचारलं, "मटण करता येतं का?"

"येतं," मी म्हटलं.

"मग झालं," तो म्हणाला.

ठराव असा झाला की, मुलगा आमच्याकडेच राहील, हुंडा नाही, उलट त्याचं सगळं आम्ही बघायचं. लग्नानंतर तो ट्रंक घेऊन आला. सर्टिफिकेटला काचेची चौकट करून आणली होती. दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून ते लावलं आणि आईनं, माझ्या साध्या भोळ्या आईनं, त्याच्या काचेला हळदकुंकू लावलं. मी तेव्हा हसले. आई म्हणाली, "हसू नगं. त्याच्यावर घर हाय."

वसंत दुष्ट नव्हता. दुष्ट व्हायलाही थोडी मेहनत लागते. तो सकाळी उशिरा उठायचा, आंघोळ करून पांढरा कोट चढवायचा आणि नानांच्या जागी बसायचा. जेवला की माडीवर झोपायचा ते ऊन उतरेपर्यंत. संध्याकाळी स्टँडवर मित्र. मटण बुधवारी आणि रविवारी. रस्सा पातळ झाला की ताट सरकवून म्हणायचा, "आमच्याकडं असलं करत न्हाईत." त्या वेळी आप्पा, जे आईला मिठावरून भांडं फेकून मारायचे, तेच आप्पा जावयाला म्हणायचे, "पाव्हणं, उद्या घट्ट करायला सांगतो." औषधाला त्यानं हात लावलेला मला आठवत नाही. माझा धाकटा भाऊ दिलीप मॅट्रिकला दोनदा आपटून दुकानात बसत होता. चिठ्ठ्या वाचणं, गोळ्या मोजणं, पुड्या बांधणं सगळं तोच करायचा. त्यानं विचारलं, "दाजी, ह्येचा डोस किती?" तर वसंत म्हणायचा, "डब्यावर लिवलंय बघ." मी एकदा त्याच्या ट्रंकेतली पुस्तकं वाचायला मागितली. म्हणाला, "तुला कशाला गं? तू भाकऱ्या कर." पण पुस्तकं त्यानं ट्रंकेत कुलूपबंदही केली नाहीत, तेवढा त्रास तो घेणार नव्हता. दुपारी तो घोरत असताना मी ती काढून वाचायची. अर्धं कळायचं नाही. जेवढं कळायचं त्यानं मात्र घाबरायला व्हायचं. आमच्या दुकानात डोळे मिटून जी औषधं दिली जात होती ती काय काय करू शकतात, ते त्यात छापलेलं होतं. मी एकदा आप्पांना सांगायला गेले. ते म्हणाले, "एवढी वरसं देतोय, कोन मेलंय का?"

माझ्या आताच्या घराखाली एक चकचकीत औषधांचं दुकान आहे. भिंतीवर एका मुलीचं सर्टिफिकेट आहे, फोटोसकट. ती मुलगी मी गेल्या चार वर्षांत एकदाही पाहिली नाही. मी चौकशी केली तर मालक म्हणाला, "मॅडम रजेवर आहेत." मी त्याला म्हटलं, आमच्याकडं याला जेवायला गेलेत म्हणायचे. त्याला समजलं नाही.

तर, वसंतला ठाऊक होतं की तो उठून गेला तर दुकान बंद. दर काही महिन्यांनी तो ह्याची आप्पांना आठवण करून द्यायचा. आधी घड्याळ मिळालं, मग सुटाचं कापड, मग माडीवर पंखा. शेवटी त्याला फटफटी हवी झाली. आप्पा "द्राक्षं निघाली की बघू, पाव्हणं" म्हणत राहिले. मळ्यात आमची थोडी द्राक्षबाग होती. एक दिवस वसंत ट्रंक न घेता, हातात फक्त पिशवी घेऊन, कोरेगावच्या गाडीत बसला. "फटफटी आली की निरोप धाडा," म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. सर्टिफिकेट भिंतीवरच राहू दिलं. आप्पा दोनदा आणायला गेले, दोनदा रिकामे आले.

तो नसताना दुकान उघडंच होतं. त्या दिवसांत कांबळे गुरुजींच्या आईंची गोष्ट घडली.

कांबळे गुरुजी आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेवर मास्तर होते. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला होता. गुरुजी घरात पहिले शिकलेले. त्यांच्या आईंना जळजळीचा त्रास होता म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. दिलीपनं चिठ्ठी वाचली, त्याला जे नाव दिसलं त्याचा डबा काढला आणि पुडी बांधून दिली. नावात एखाद्या अक्षराचा फरक होता. दिलेल्या गोळ्या मधुमेहाच्या निघाल्या. म्हातारीनं रिकाम्या पोटी दोन घेतल्या, घामानं चिंब झाली, बरळायला लागली आणि बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं तेव्हा ती सावध झाली. डॉक्टरांनी पुडी मागितली आणि गोळी पाहताच त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले. मी पडद्याआड पट्ट्या कापत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"आप्पासाहेब, चिठ्ठीवर हे औषध हाय. पुडीत हे आलंय. माझ्या आईला साखरेचा आजार न्हाई."

"डाक्टरचं अक्षर तसलं. आमी काय करायचं?"

"अक्षर मला वाचता येतंय. औषध कुणी दिलं?"

"आमच्या फार्मासिस्टनं."

"कुठं हायत ते?"

"जेवायला गेल्यात."

गुरुजींनी भिंतीवरच्या चौकटीतलं नाव वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "महिनाभर मी ह्या रस्त्यानं जातोय. ते जेवायलाच गेलेले दिसत्यात." आणि गेले.

ते गेल्यावर आप्पा जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. त्यांच्या जातीवरून बोलले. त्या वस्तीतल्यांनी आता आपल्याला कायदा शिकवायचा का, हा त्याचा सभ्य भाग. म्हातारी मरता मरता वाचली याबद्दल एक शब्द नाही. दिलीप मात्र त्या दिवशी जेवला नाही. मागच्या दारी बसून राहिला होता. "आक्का, मला त्ये अक्षर तसंच दिसलं गं," म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तुझं कामच न्हवतं ते." दोष कुणाचा हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. जो शिकला होता तो कोरेगावला फटफटीची वाट बघत लोळत होता. जिला शिकायचं होतं ती पट्ट्या कापत होती. आणि ज्याला यातलं काहीच नको होतं त्या पोराच्या हातात डबे दिले होते. ही वाटणी आप्पांनी केली होती आणि तिला ते संसार म्हणायचे.

गुरुजींनी सांगलीला तक्रार केली. त्यानंतर एका दुपारी ड्रग इन्स्पेक्टर आले. एस.टी.नं आले, कापडी छत्री आणि चामडी पिशवी घेऊन, किडकिडीत, पन्नाशीचे. स्टँडवरच्या कुणीतरी पोरानं येऊन आप्पांना आधीच सांगितलं, त्यामुळे आप्पांना कप-दोन कप चहा प्यायला लागेल तेवढा वेळ मिळाला. तेवढ्या वेळात त्यांनी जो विचार केला, तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चपळ विचार असेल. खुंटीवरचा वसंतचा पांढरा कोट काढला, दिलीपला घातला आणि त्याला नानांच्या खुर्चीत बसवलं. तेव्हा सर्टिफिकेटावर फोटो नसायचा.

मी आत भाकरीचं पीठ मळत होते. पडद्याच्या फटीतून दिसत होतं. कोटाच्या बाह्या दिलीपच्या बोटांवर आल्या होत्या. त्याचं नाक आप्पांचं, कान आप्पांचे, बसायची ढबसुद्धा आप्पांची. साहेबांनी आधी एकाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं.

"हे आपले कोण?"

"ह्ये जावई. वसंतराव. सर्टिफिकेट त्यांचंच."

"कॉलेज कुठलं आपलं?" साहेबांनी दिलीपला विचारलं.

"कराड," दिलीप म्हणाला. तेवढं त्याला माहीत होतं.

"प्रॅक्टिकल ट्रेनिंग कुठं केलंत?"

दिलीपनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "लाजत्यात जरा. नवीन हायत."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघंही गावातलीच, दोघांनाही दिलीप त्याच्या लंगोटापासून माहीत. दोघंही जमिनीकडं बघत बसली. आमच्या गावची ही रीत. पुढं महिनाभर त्यांनी ही हकीकत चघळून खाल्ली, पण त्या वेळी एकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

साहेबांनी पिशवीतून कागद काढले. "मालक, खरं काय ते आत्ताच सांगा. मला लिहावं लागणार आहे."

आणि मग आप्पा बोलले. साहेबांनी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. "आवं साहेब, आमच्या शब्दावर इस्वास नसला तर पोरीलाच बोलावतो की. बाईमानूस खोटं बोलंल व्हय? सुमन, जरा भाईर ये."

मी पिठाच्या हातानं पडदा बाजूला करून बाहेर आले. मला अजून कळलं नव्हतं ते काय मागणार आहेत. असं काही कुणी मागू शकतं, हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

"सांग साहेबास्नी," आप्पा म्हणाले, "ह्ये तुजं मालक हायत न्हवं?"

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मी दिलीपकडं पाहिलं. गेल्याच भाऊबीजेला आतल्या ओसरीत मी त्याला ओवाळलं होतं. त्यानं मान इतकी खाली घातली होती की फक्त भांग दिसत होता. मग मी आप्पांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर शरम असती, भीती असती, तरी मी कदाचित गप्प राहिले असते. तिथं तसलं काही नव्हतं. ते माझ्याकडं, मळणीच्या वेळी एखादं अवजार पुढं कर म्हणून बघावं तसे बघत होते, जरा घाईनं. नाना मेले तेव्हा ते असेच दिसत होते.

"हा दिलीप," मी म्हटलं. "माझा धाकटा भाऊ. माझे मालक कोरेगावला गेल्यात. रुसून."

आप्पा मोठ्यानं हसले. "थट्टा करतीया. लाडाची हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी खाली मान घालून लिहिलं, बराच वेळ. मग मला म्हणाले, "बाई, वाचता येतं?"

"येतं."

"मग हे वाचा, आणि बरोबर असेल तरच सही करा."

मी हात पदराला पुसले आणि सगळं वाचलं. बरोबर होतं. एका ठिकाणी त्यांनी मला गृहिणी असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "मी सायन्सचं पहिलं वर्ष पास हाय, तेही लिवा." त्यांनी एकदा वर पाहिलं आणि ते लिहिलं. मग मी सही केली. लग्नात माझी सही कुणी मागितली नव्हती.

लायसन निलंबित झालं, वर खटला. फळ्या लागल्या. आप्पा मला एवढंच म्हणाले, "दुकान बुडवलंस." मग आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्या आठवड्यात भूक चांगली लागली. आई कधी त्यांना उलटून बोलल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, "तुमची भैन असती तर तिला लावलं असतं का असं म्हणायला?" आप्पांनी भांडं उचललं, पण फेकलं नाही. ते तसंच खाली ठेवलं आणि जेवले. दिलीपनं कोट घडी करून ट्रंकेवर ठेवला आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही. तो मळ्यात गेला. पुढं त्याची द्राक्षं आणि बेदाणा तालुक्यात नाव काढण्यासारखी झाली. दिलीपबद्दल मला तुच्छतेनं लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

बातमी कोरेगावला पोचली तसा वसंत आला. मी माडीवरून त्याला येताना पाहिलं. मला वाटलं, निदान संतापून आला असेल. आपल्या नावावर दुसऱ्याला बसवलं म्हणून कुणालाही संताप आला असता. तो आला, चहा प्याला आणि मागच्या बाजूनं बंद दुकानात शिरला. सांगलीतल्या एका दुकानदारानं त्याला बोलावलं होतं. त्यानं खिळ्यावरून चौकट काढली, काचेवरचं आईनं लावलेलं कुंकू थुंकी लावून पुसलं आणि टॉवेलात गुंडाळली. ट्रंक घेतली, माडीवरचा पंखा मात्र आप्पांनी काढू दिला नाही. त्यावरून दोघांची दहा मिनिटं हुज्जत झाली. माझ्यावरून झाली नाही. दारात त्याला मी आठवले असावे. "जागा मिळाली की कळवतो," म्हणाला. त्यानं कळवलं नाही. मी वाट पाहिली नाही. पुढं आम्ही कोर्टातून रीतसर वेगळे झालो, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता लोकांना वाटतं की बाप पस्तावला आणि त्यानं मुलीला शिकवलं. आमच्या नात्यात ही गोष्ट अशीच सांगतात. आप्पांच्या दिवसकार्याला एकानं भाषणात सांगितलीसुद्धा. झालं ते असं. आठवडा संपल्यावर आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "त्ये कराडचं कालेज कितीशा वर्सांचं म्हनालीस?" जावई पुन्हा विकत आणायचा तर पुन्हा तेच नखरे, मुलगी रुसून कुठं जाईल? हा त्यांचा हिशेब त्यांच्या कपाळावर लिहिलेला होता. मी तो वाचला आणि तरीही हो म्हटलं. त्यांच्या मनात काय आहे याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

कराडची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. वर्गात आम्ही मुली मोजक्याच. वसंतच्या पुस्तकांत जे अर्धं कळायचं नाही, ते तिथं एकेक करून उलगडत गेलं. कितीतरी बाबतींत मी चुकत होते हेही कळलं. आमच्या घरच्या पट्ट्यांतला माझा डोस कधीच सारखा नव्हता, कारण बाटल्याच सारख्या नव्हत्या. नोंदणी झाल्याचं समजलं तेव्हा मी साताऱ्याला एका दवाखान्यात काम शिकून तिथंच नोकरीला लागायच्या बेतात होते. आप्पा मला न्यायला आले. नवीन धोतर, टोपी, हातात भडंगाचा पुडा. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आम्ही बसलो.

"चल आता," ते म्हणाले. "लायसनचा अर्ज केलाय. दुकान तुजंच."

"माझं म्हंजे? लायसन माझ्या नावावर?"

"नावावर कशाला? नाव माजंच ऱ्हाईल. मागनं दिलीपच्या पोरांचं. तू निस्ती बसायचं. काम करायला मानूस ठेवू."

"काम करायला माणूस ठेवणार, मग मी काय करणार?"

"हजर ऱ्हायाचं की," आप्पा म्हणाले.

मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग आईची आण घातली. शेवटी ते खरोखर गोंधळून गेले आणि मला विचारलं, "मग एवढं शिकलीस कशाला?" त्या प्रश्नात लबाडी नव्हती. त्यांना उत्तर खरंच माहीत नव्हतं. मी ते दिलं नाही. भडंग घेतलं, त्यांना तासगावच्या गाडीत बसवलं आणि खिडकीखालून नमस्कार केला. त्यांनी पुढं ते दुकान मोडून कापडाचं काढलं. कापड विकायला काही पास व्हावं लागत नाही, असं ते येईल त्याला सांगायचे.

दवाखान्यात औषधं द्यायची खिडकी होती, लोखंडी जाळीची, मधे हात जाईल एवढी चौकोनी जागा. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कोयनेकडच्या डोंगरातली एक बाई आली. पाठीला पोर, पायांत चिखल. तिनं चिठ्ठी सारली, मी तीन पुड्या बांधून दिल्या. ती हलली नाही. मागची माणसं पुढं सरक म्हणायला लागली.

"औषध देनारं कुठं हायत?" तिनं विचारलं.

"मीच देते."

"तुमी शिकलायसा व्हय ह्येचं?"

"व्हय."

तिनं मला नीट निरखून पाहिलं. मग तिन्ही पुड्या खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि म्हणाली, "मंग सांगा, ह्यातली पोराला सकाळची कुठली?"

रांग थांबली. मी पहिली पुडी सोडली, गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि सांगायला लागले. तिन्ही सांगून झाल्यावर मी तिला ते सगळं माघारी म्हणून दाखवायला लावलं. ती एकदा चुकली. मी पुन्हा सांगितलं.